सांत सेबास्त्यांवाबरोबर कल्याणला

ठाण्याहून कल्याणला जाण्याला आता कोणी प्रवास म्हणत नाही. आगगाडीत बसावं, चंची उघडावी, पान जमतंय तोवर कल्याण येतं. मी दोनदा तसा गेलो आहे आणि दोन्ही वेळा सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. पण यंदाच्या जानेवारीत मी त्याच कल्याणला खाडीने, मचव्यात बसून, आमच्या गावच्या सांत सेबास्त्यांवाबरोबर गेलो. परत आल्यापासून भेटेल त्याला ती हकिकत सांगत सुटलो आहे. बायको म्हणते, एकदा लिहून काढा, म्हणजे माझे कान तरी सुटतील. म्हणून लिहितो.

आमचं गाव माजिवड्याच्या पुढे, खाडीला लागून. नाव देत नाही. दिलं तर शेजारची गावं म्हणतील, मास्तरने पुन्हा आपल्या गावाची टिमकी वाजवली. मी तिथल्या देवळाच्या शाळेत मास्तर आहे. पोरांना बाराखडी आणि प्रार्थना शिकवतो, देवळात मिस्साच्या प्रार्थनेला व्हायोलिन वाजवतो. गाव सगळं ख्रिस्ती, भात लावणारं आणि मिठागरात राबणारं.

जे आमच्या धर्माचे नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. आमच्या प्रत्येक गावाचा एक संत असतो. तो देवाजवळ आमच्यासाठी शब्द टाकतो आणि गाव राखतो. आमचा सेबास्त्यांव हा रोमच्या बादशहाचा शिपाई. ख्रिस्ताचं नाव सोडत नाही म्हणून त्याला झाडाला बांधून त्याच्याच सोबत्यांनी बाण मारले, आणि तरी तो त्या बाणांनी मेला नाही. रोगराईही अशीच कुठून येते ते दिसत नाही, म्हणून साथ आली की आम्ही त्याला हाक मारतो. आमची मूर्ती पोर्तुगिजांच्या अमलातली, सागाची, माणसाच्या कमरेइतकी उंच आणि दिसते त्याच्या दुप्पट जड आहे. चांदीचे पाच बाण तिच्या अंगात बसवलेले असतात. ठाणे जिल्ह्यात इतकी देखणी मूर्ती दुसरी नाही. हे मी निःपक्षपातीपणाने सांगतो.

सणाच्या मिरवणुकीत त्याची डोली चार खांद्यांवर निघते, आणि ते चार खांदे ठरलेल्या चार घरांचे. याला खांद्याचा मान म्हणतात. शेत विकलं तरी मान राहतो. गाव सोडलं की मात्र सुटतो. माझी धाकटी बहीण रेजिन हिचं सासर त्या चार घरांपैकी एक होतं. तिचा सासरा रेल्वेच्या सुतारकामाला कल्याणला गेला, तिथेच राहिला, आणि त्यांचा खांदा दुसऱ्या घराकडे गेला. विठ्ठलवाडीच्या अंगाला आता अशा पंधरा-वीस ख्रिस्ती घरांची वाडी झाली आहे. सुतार, लोहार, पुलांचे दगड घडवणारे, सगळे आमच्याच खाडीकाठचे.

गेल्या साली पलेग आला तेव्हा कल्याणची निम्मी वस्ती शेतात झोपड्या बांधून राहिली. वाडीतले लोक हलले नाहीत. त्यांनी रुळांखालच्या जुन्या लाकडांचा क्रूस उभा केला, त्यावर सेबास्त्यांवाचं कागदी चित्र लावलं आणि रोज संध्याकाळी तिथे लितानी, म्हणजे संतांची नावं घेऊन करायची प्रार्थना, म्हणू लागले. दिवसा वाडीतले पुरुष, त्यांत रेजिनचा नवरा, माझा मेव्हणा मनू, शहरात जाऊन बेवारशी पडलेली प्रेतं उचलत. हिंदू असो, मुसलमान असो, सख्खे पळून गेले असतील तिथे हे खांदा देत. बायांची प्रेतं रेजिन धूत असे. वाडी वाचली तर प्रत्यक्ष संताला आणून सण करू, असा त्यांनी नवस केला होता. वाडीत एकालाही गाठ उठली नाही.

मग रेजिनचं पत्र आलं. अक्षर तिचंच, मीच तिला पाटीवर शिकवलेलं. 'संताला एक दिवस आमच्याकडे धाडा. आणि कल्याणच्या काठापासून वाडीपर्यंत खांदा आम्हाला द्या. आम्ही पुष्कळांना दिला आहे.'

ते मी गावापुढे वाचून दाखवलं. देवळाच्या किल्ल्या इनासबाबाकडे असतात; वय पासष्टच्या पुढे, चार खांद्यांतला पहिला खांदा त्याचा. तो म्हणाला, "देवाला धाडू. नवस हाय, अडवायचा नाय. पन खांदा नाय. गाव सोडलं त्याचा खांदा सुटला. आनि त्या खांद्यांनी काय काय वाहिलंय, तुमाला ठावं नाय कं?"

कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तिचा सख्खा भाऊ, हातात तिचं पत्र, आणि शाळेत दिवसभर टकळी चालवणाऱ्या माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. ती लाज बरोबर घेऊनच मी मचव्यात चढलो.

निघताना

आमच्या पाद्रीसाहेबांचं म्हणणं होतं की मूर्ती गवतात गुंडाळून आगगाडीने न्यावी, तासाभराचं काम. इनासबाबा दचकलाच. "आडवा फक्त मेलेला मानूस जातो, पाद्री. आमचा देव उभा जाईल, तोंड उघडं ठेवून, आनि तोंड पुढं." हीच आमची रीत. संताची पाठ लोकांकडे कधी होऊ द्यायची नाही. त्यापुढे पाद्रीसाहेबांचंही चालत नाही.

तेव्हा मचवा ठरला. सण होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी, भरती लागल्यावर निघालो. डोली डोलकाठीला बांधली होती आणि संत नाळेकडे, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभा होता. बाण मोडू नयेत म्हणून काढून माझ्या व्हायोलिनच्या पेटीत ठेवले होते. इनासबाबा, इतर तीन घरांचे तिघे आणि मी असे आम्ही पाच जण होतो. मचवा हाकणारा तांडेल हिंदू कोळी. त्याने पहिल्यांदा नारळ फोडला, मग आम्ही लितानी म्हटली. इनासबाबाने नारळाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि खोबरं मात्र खाल्लं.

दोन्ही अंगांना मिठागरं होती. मिठाचे पहिले ढीग नुकतेच लागू लागले होते. आमच्या गावच्या बाया बांधावरून काठाकाठाने बऱ्याच लांबपर्यंत मचव्याबरोबर चालत आल्या. एक म्हातारी रडत म्हणत होती, "उद्या परत आना रं त्याला. आमाला दुसरा कोन हाय?" इनासबाबाने छातीवर हात ठेवून उद्या आणतो म्हणून सांगितलं.

मुंब्र्याच्या डोंगराखाली

खाडीचं खरं रूप आगगाडीतून दिसत नाही. मुंब्र्याजवळ डोंगर पाण्याशी येतो, आणि त्याच्या पायाशी रूळ. पाण्यावरून वर पाहिलं म्हणजे तो डोंगर केवढा आहे ते कळतं. तांडेलाने डोंगरावरच्या देवीला हात जोडले आणि मग, आपण पाहुणा घेऊन चाललो आहोत हे आठवून, संतालाही जोडले. एवढ्यात कल्याणकडे जाणारी गाडी आली. खिडक्यांतून माणसं वाकून पाहू लागली. कोट घातलेल्या एका गृहस्थाने डोक्यावरची टोपी काढली. मी लगेच व्हायोलिन उचलून संताचं गाणं सुरू केलं. ते त्यांना इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसणार, पण मला राहवेना. आगगाडी पुढे गेली, आमचा संत मागून सावकाश निघाला, आणि काठावरचे लोक आगगाडी पाहायला नव्हे, आम्हाला पाहायला थांबत होते.

जेवणाला फुगे आणि डुकराचं मटण बांधून दिलं होतं. फुगे म्हणजे आमच्याकडचे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, आत पोकळ आणि थोडे आंबूस. तांडेलाने मटणाला हात लावला नाही, पण फुगे इतके खाल्ले की आमच्या वाट्याला रस्साच उरला.

डोंबिवलीचा काठ

इथे आम्ही थांबणार नव्हतो. पण डोंबिवलीच्या काठावर बायांचा घोळका उभा होता. आगगाडीतून कोणी तरी बातमी आणली असावी. त्या हात हलवून बोलावत होत्या. तांडेलाने इनासबाबाकडे पाहिलं. बाबा म्हणाला, "भरती चाललीय. थांबलं तर कल्यानला ओहोटी धरंल." तेवढ्यात एका बाईने कडेवरचं मूल दोन्ही हातांनी वर धरलं. बाबाने तोंड फिरवलं, थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लाव बाजूला."

सगळ्या शेतकरी बाया, कपाळाला ठसठशीत कुंकू. त्यांच्या गावातून पलेगाने माणसं नेली होती. मूल वर धरणारीच्या घरातून तर दोघं. तिने संताच्या अंगावरची भोकं पाहिली आणि मला विचारलं, "ह्या कसल्या जखमा?"

मी पेटी उघडून चांदीचे बाण दाखवले.

"कोनी मारले?"

"त्याच्याच सोबत्यांनी."

"तरी लोकांना राखतो?"

"राखतो."

 मग तिने मूल संताच्या पायाशी ठेवलं आणि आपलं डोकं डोलीच्या दांड्याला टेकलं.  चार घरांखेरीज कोणी शिवत नाही त्या दांड्याला गावाबाहेरचा स्पर्श! इनासबाबाने पाहिलं, आणि तिला उठवलं नाही. निघताना तिने निवट्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. चिखलातले ते लहान मासे आमच्याकडेही करतात, पण आमच्या बाया चिंच जास्त घालतात. हे कालवण आमच्यापेक्षा बरं होतं. घरी बोलू नका.

कल्याण

बाबाने सांगितलं तेच झालं. दुर्गाडीचा बुरूज दिसू लागला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. बंदराच्या अलीकडे मचवा गाळात बसला आणि ओढीने फिरून त्याची पाठ काठाकडे झाली. काठ पन्नासेक हातांवर होता. तिथे सगळी वाडी उभी होती. पांढरे कपडे, हातांत मेणबत्त्या, दोन ढोल आणि एक कर्णा. सर्वांत पुढे रेजिन. तीन वर्षांनी पाहत होतो. वाळली होती, केस कानांशी पांढरे झाले होते, आणि मान अशी ताठ की मला आमच्या गेलेल्या आवशीची, म्हणजे आईची, आठवण झाली.

तांडेल म्हणाला, मध्यरात्री भरती येईल तेव्हा लागू. इनासबाबा भडकला. "देवाला खेकड्यागत चिखलात बसवून ठेवू? उतरा!"

मी संताच्या अंगात बाण बसवले. चौघांनी डोली खांद्यावर घेतली आणि मागच्या बाजूने चिखलात उतरले. मीही बूट घालूनच उतरलो आणि दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतलो. व्हायोलिन दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मी तिथेच खांब होऊन उभा राहिलो. त्यामुळे पुढचं सगळं मी नीट पाहिलं.

दहा-बारा पावलं गेल्यावर काठावरून लितानी सुरू झाली. बाबाने मान वर केली, आणि त्याच्या ध्यानात आलं की संताचं तोंड पाण्याकडे आहे. मचवा फिरला होता, डोली तशीच उतरवली होती, आणि वर्षभर ज्यांनी त्याला हाका मारल्या त्यांच्याकडे संताची पाठ होती.

"थांबा!" बाबा ओरडला. "फिरवा! आधी फिरवा!"

दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने आधी काठ गाठला असता. आमचे चौघे भर चिखलात डोली फिरवायला थांबले. तोंड फिरलं, पण तोवर बाबाचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला होता. तो उपसायला जावं तर डावा जाई. डोली त्याच्या बाजूला कलली. उरलेले तिघे पाय रोवून उभे होते, पण तेही रुतत चालले होते. संताच्या खांद्यातला एक बाण निसटून चिखलात पडला. काठावरची लितानी थांबली.

वाडीतले पुरुष पुढे सरसावले आणि काठालाच अडकले. एक तर त्यांची पायताणं रुतली. आणि दुसरं, खांदा आपला नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मनू हात पुढे करून तसाच उभा राहिला.

मग रेजिनने मेणबत्ती शेजारणीच्या हातात दिली, लुगडं वर खोचलं आणि ती चिखलात आली. लग्न होईपर्यंत ती आमच्या बापाबरोबर मिठागरात राबली आहे. गाळातून चालायचं कसं ते तिचे पाय विसरले नव्हते. टाच न टेकवता, कुठे न थांबता, सरकत सरकत ती थेट बाबाच्या शेजारी पोचली. दांडा तिच्या खांद्याच्या उंचीवर होता, हात पुढे केला की हाताशी आला असता. तिने हात लावला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "देऊ कं खांदा?"

इनासबाबा धापा टाकत होता. डोली अजून थोडी कलली.  आता सांगतो, त्या वेळी मी काय केलं. व्हायोलिन डोक्यावर धरून, पन्नास-साठ माणसांसमोर, मी ओरडलो, "बाबा, तिला हो म्हणा! या खांद्यांनी काय वाहिलंय ते सगळ्या कल्याणला ठावं हाय!" सभेत गिळलेले शब्द मी असे चिखलात उभा राहून बोललो. उशीर झाला होता, पण बोललो.

बाबाने माझ्याकडे पाहिलंच नाही. रेजिनकडे पाहत म्हणाला, "दे गो बाय. माझ्यात आता जोर नाय."

तिने खांदा दिला. डोली सरळ झाली. ती दुसऱ्यांना सांगू लागली, थांबू नका, थांबलं की गाळ धरतो, टाच टेकू नका. मनू आणि दोघं वहाणा टाकून तिच्या पावलांवरून आले, आणि एकेक करून उरलेल्या तिघांचे दांडेही त्यांनी घेतले. कोणी परवानगी विचारली नाही आणि कोणी दिली नाही. डोली काठाला लागली तेव्हा चारही खांदे वाडीचे होते, आणि संताच्या अंगावर चिखलाचा एक ठिपका नव्हता. इनासबाबाला आणि मला मात्र तांडेलाने फळीवरून ओढून काढलं. पडलेला बाण तांडेलाला सापडला, पण माझा एक बूट कल्याणच्या खाडीत राहिला आहे.

वाडीचं देऊळ म्हणजे पत्र्याची पडवी. आमच्या देवळाची मी त्याच्याशी तुलना करत नाही. पण पडवीसमोरच्या रस्त्यावर त्या संध्याकाळी कल्याणचे लोक येऊन उभे राहिले होते. एक वाणी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. मनूकडे बोट दाखवून तो आईला म्हणाला, "आपल्या वडलांना यांनीच उचललं होतं." म्हातारीने मनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढला नाही. इनासबाबा माझ्या शेजारी बसून ते पाहत होता. पानात वाढलेलं त्याने खाल्लं नाही.

उजाडताना, उरलेल्या ओहोटीने निघायचं होतं. आम्ही डोली उचलायला पडवीत गेलो. बाबाने आम्हाला दारातच अडवलं आणि रेजिनला म्हणाला, "लेकीच्या घरी एक रात र्‍हाऊन कोन परत जातो गो? नऊ दिवस र्‍हाऊ दे. नवेनाची प्रार्थना करा. मंग तुमीच घेऊन या. तुमच्या खांद्यांवर."

 रेजिनने वाकून बाबाचा हात कपाळाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादूस, काल इतक्या जोरान ओरडलास, आवशीला वर ऐकू गेलं असंल."

परत

आमचा मचवा रिकामा येताना दिसला तेव्हा काठावर आकांत झाला. संत बुडाला असंच सगळ्यांना वाटलं. इनासबाबा डोलकाठीला धरून उभा राहिला आणि किनाऱ्याला लागायच्या आधीच ओरडून म्हणाला, "गप र्‍हावा! देव धड हाय! कल्यानला माझा खांदा पडला, त्यांचा नाय पडला. म्हनून तो त्यांच्यापाशी हाय!" आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला माणूस हे अख्ख्या गावापुढे बोलला. काही जण रागावले, ते अजून रागावलेले आहेत.

नवव्या दिवशी वाडीचे लोक दोन मचवे भरून आले. काठाला लागल्यावर आमच्या चार घरांचे पुरुष सवयीने पुढे झाले, आणि इनासबाबाने हात आडवा धरून त्यांना मागे सारलं. डोली उतरली. पुढचा उजवा दांडा, जो आजवर त्याचाच होता, तो रेजिनच्या खांद्यावर होता. आमच्या गावात संताला बाईचा खांदा त्या दिवशी पहिल्यांदा लागला. सकाळच्या उन्हात, अनवाणी, तोंड पुढे केलेल्या संताला घेऊन ती बांधावरून चालत आली, आणि दोन्ही बाजूंनी माणसं गुडघे टेकत गेली.

मी व्हायोलिन वाजवत पुढे होतो. वाटेत बघे पुष्कळ होते, माजिवड्याचे, ठाण्याचे, ओळखीचे, बिनओळखीचे. त्यांतल्या तिघांपाशी मी वाजवणं थांबवलं आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं, "ती पुढची, उजवीकडची, ती माझी बहीण."